तहान लागण्याआधीची विहीर: एनएफएलचे संघ थकत चाललेल्या खेळाडूंची जागा कशी भरतात

४ मार्च २०२४ ला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सच्या जेसन केल्सीने निवृत्ती जाहीर केली. तेरा हंगाम तो या एकाच संघात सेंटर होता. सेंटर म्हणजे प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूकडे, देणारा आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर धावून येणाऱ्याला थोपवणारा गडी. बोलताना केल्सीला रडू आवरत नव्हतं, आणि ते पाहणाऱ्या कित्येकांनाही. अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहायला लागलेल्या माणसाला अशा वेळी साहजिकच वाटतं की आता संघ धावपळ करून नवा सेंटर शोधणार.

तसं काही झालं नाही. नवा सेंटर दोन वर्षांपासून संघातच होता. एप्रिल २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ईगल्सने दुसऱ्या फेरीत कॅम जर्गन्सला घेतलं होतं. त्या वर्षीचे तरुण सेंटर कसे आहेत, हे संघाने खुद्द केल्सीला विचारलं होतं आणि त्याला जर्गन्सच सगळ्यांत जास्त आवडला होता. २०२३ मध्ये जर्गन्स केल्सीच्या शेजारी गार्डच्या जागेवर खेळला, २०२४ मध्ये सेंटर झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच संघाने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ ने हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

ही लीग समजून घ्यायची तर निरोपाचे समारंभ पाहून भागत नाही. खेळाडू जातो त्याच्या दोन वर्षं आधी काय घडलं, ते पाहावं लागतं. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. वेळेवर कुदळ हातात घेणारे मात्र मोजकेच. आपल्या आवडत्या संघात पुढचा निरोप कोणाचा आणि त्याच्या जागी कोण, हे स्वतःच ओळखता यावं म्हणून खालच्या पायऱ्या.

पहिली पायरी: वय लिहा, पण जागेनुसार

हंगामात संघाच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू असतात. संघाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं वय आणि अनुभवाची वर्षं दिलेली असतात. अठ्ठाविशी ओलांडलेल्यांची नावं एका कागदावर घ्या आणि पुढे त्यांची जागा लिहा. जागा न लिहिता नुसतं वय लिहिलंत तर हा कागद फसवेल.

रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन गर्दीत घुसणारा, सगळ्यांत लवकर झिजतो. सत्तावीस-अठ्ठाविशीतच संघ त्याच्याकडे साशंकतेने पाहू लागतात. फेकलेला चेंडू झेलणारा रिसीव्हर आणि त्याला रोखणारा कॉर्नरबॅक यांचा खेळ वेगावर चालतो, त्यामुळे तिशी ही त्यांची धोक्याची रेषा. आघाडीच्या फळीतले धिप्पाड गडी पस्तिशीच्या आसपासपर्यंत टिकतात. क्वार्टरबॅक त्याहूनही पुढे जातात. टॉम ब्रेडी पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्या किकरचं तर गणितच निराळं: ॲडम विनातिएरीने शेवटचा हंगाम खेळला तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता.

हे ढोबळ आहे. रनिंग बॅक डेरिक हेन्रीला टेनेसी टायटन्सने जाऊ दिलं आणि २०२४ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी तो बाल्टिमोर रेव्हन्सकडून १,९२१ यार्ड धावला. पण एक हेन्री पाहून धोरण ठरवणारा संघ बुडतो. सिॲटल सीहॉक्सचा शॉन अलेक्झांडर २००५ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लगेच, विशी संपत आलेली असताना, त्याला आठ वर्षांचा ६.२ कोटी डॉलरचा करार मिळाला. पुढच्याच हंगामात पायाचं हाड मोडलं आणि २००८ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. मागच्या पराक्रमाचे पैसे पुढच्या वर्षांतून देणं, ही या धंद्यातली सगळ्यांत जुनी चूक.

दुसरी पायरी: करार वाचायला शिका

इथे थोडा दम धरा, कारण खरी किल्ली हीच आहे. चाहते वयाबद्दल बोलतात. संघाचा व्यवस्थापक करारावर बोट ठेवून बसलेला असतो.

१९९४ पासून एनएफएलमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. २०२३ मध्ये ती २२.४८ कोटी डॉलर होती, २०२४ मध्ये २५.५४ कोटी आणि २०२५ मध्ये २७.९२ कोटी. मालक कितीही गर्भश्रीमंत असो, पाय या अंथरुणातच पसरायचे. म्हणून म्हाताऱ्या खेळाडूबद्दलचा प्रश्न नुसता ‘अजून चांगला खेळतो का’ एवढाच नसतो. त्याच्यावर अडकलेल्या पैशात दुसरं काय येईल, हेही विचारलं जातं.

आता सायनिंग बोनस. करारावर सही करताना मिळणारी ही रक्कम खेळाडूच्या हातात लवकर पडते, पण कॅपच्या हिशेबात ती जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटली जाते. एक काल्पनिक करार घेऊ. पाच वर्षं, ५ कोटी डॉलर बोनस, म्हणजे कॅपवर दरवर्षी १ कोटी. चौथ्या वर्षाचा पगार दीड कोटी आहे आणि त्याची हमी दिलेली नाही. तीन हंगाम झाले, खेळाडू मंदावला.

ठेवला, तर चौथ्या वर्षी कॅपवर बसणार पगाराचे दीड आणि बोनसचा १, मिळून अडीच कोटी. काढला, तर दीड कोटी पगार वाचतो, पण चौथ्या-पाचव्या वर्षाचे बोनसचे उरलेले दोन्ही हप्ते एकदम याच वर्षी अंगावर येतात: २ कोटी. खेळाडू नाही, खेळ नाही, तरी कॅपवर २ कोटींचं ओझं. याला म्हणतात डेड मनी. निव्वळ बचत अर्धा कोटी. अर्ध्या कोटीसाठी ओळखीचा माणूस घालवायचा का, यावर खल होतो आणि बऱ्याचदा त्याला आणखी एक हंगाम मिळतो.

यात एक पळवाट आहे. १ जूननंतर काढलेल्या खेळाडूचं ओझं दोन वर्षांत विभागता येतं. आपल्या उदाहरणात या वर्षी १ कोटी, पुढच्या वर्षी १ कोटी. म्हणजे यंदाची बचत थेट दीड कोटी. दोन खेळाडूंना मार्चमध्येच मोकळं करून हिशेबापुरतं ‘१ जूननंतर’ असं नोंदवायची मुभाही आहे, मात्र वाचलेली जागा जूनमध्येच हाती येते. मार्चच्या बातमीत हे शब्द दिसले की समजा, पुढच्या वर्षावर बिल ढकललं आहे.

करार पाहताना म्हणून दोनच आकडे शोधा: ठेवला तर कॅपवर किती, आणि काढला तर डेड मनी किती. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान झाला की त्या खेळाडूच्या डोक्यावर टांगती तलवार आहे, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. करारांचे हे आकडे मांडणारी संकेतस्थळं सर्वांना खुली आहेत.

डेड मनी किती अक्राळविक्राळ होऊ शकतं, हे डेन्व्हर ब्रॉन्कोसने दाखवलं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं आणि दोन वर्षांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा भार उचलला.

तिसरी पायरी: वारस आधीच संघात आहे का, ते पाहा

कागदावरच्या प्रत्येक नावापुढे लिहा: याच जागेवर गेल्या दोन-तीन ड्राफ्टमध्ये कोण आलं? पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेला गडी बाकावर बसून असेल तर तो तिथे शोभेसाठी नाही.

यामागेही पैसा आहे. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारानंतर नवख्यांचे पगार जवळजवळ ठरीव झाले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, ७.८ कोटी डॉलरचा होता. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी मिळाले. नवखे एकदम स्वस्त झाले आणि मधल्या दर्जाच्या अनुभवी खेळाडूंची पंचाईत झाली. तीस वर्षांचा बरा खेळाडू आणि तेवीस वर्षांचा जवळजवळ तितकाच बरा, पण कितीतरी स्वस्त खेळाडू, यांत संघ कोणाला निवडणार हे सांगायला नको.

ग्रीन बे पॅकर्सनी हे दोनदा केलं. २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह संघात असताना त्यांनी पहिल्या फेरीत ॲरन रॉजर्सला घेतलं. तीन वर्षं तो बसून राहिला. २००८ मध्ये फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, मग मागे घेतली, आणि ऑगस्टमध्ये त्याची न्यूयॉर्क जेट्सकडे रवानगी झाली. आदल्या वर्षी १३ सामने जिंकलेला संघ रॉजर्सच्या पहिल्या हंगामात ६ जिंकून १० हरला, लोक खवळले. तोच रॉजर्स फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकून देऊन मोकळा झाला. मग २०२० मध्ये पॅकर्सनी पहिल्या फेरीत जॉर्डन लव्हला घेतलं. आपला वारस आलेला पाहून रॉजर्सने त्या आणि पुढच्या अशा दोन्ही हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला! तरीही एप्रिल २०२३ मध्ये तो जेट्सकडे गेला, पॅकर्सनी सुमारे ४ कोटी डॉलरचं डेड मनी सोसलं आणि लव्हने पहिल्याच पूर्ण हंगामात संघाला बाद फेरीत नेऊन डॅलसला डॅलसमध्ये ४८-३२ ने हरवलं.

वारस लवकर आणण्यात मात्र एक धोका आहे, आणि नवे प्रेक्षक नेमका तोच विसरतात: नवख्याचा करार चार वर्षांचाच असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो, बाकीच्यांसाठी नाही. म्हणजे वारसाचंही घड्याळ चालू असतं. डेन्व्हरने २०१२ मध्ये छत्तिशीचा पेटन मॅनिंग आणला आणि त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत ब्रॉक ऑसवायलरला घेतलं. चार वर्षं त्याला तयार केलं. मार्च २०१६ मध्ये मॅनिंग सुपर बोल जिंकून निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात करार संपलेला ऑसवायलर ७.२ कोटींच्या करारावर ह्यूस्टनला निघून गेला. योजना बरोबर होती, पण दोन घड्याळं जुळली नाहीत. घाईने पहिल्या फेरीत घेतलेला पॅक्स्टन लिंच डेन्व्हरकडून फक्त चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला.

विहीर खणायला उशीर केल्याचं उदाहरण हवं तर पिट्सबर्ग स्टीलर्स पाहा. बेन रॉथलिसबर्गर अठरा हंगाम खेळून जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झाला, त्यानंतर त्यांनी पहिल्या फेरीत केनी पिकेटला घेतलं. दोन वर्षांत तो दुसऱ्या संघात गेला. २०२५ मध्ये स्टीलर्सनी त्या जागेवर आणला तो ग्रीन बेने दोन वर्षांपूर्वी सोडलेला, एकेचाळीस वर्षांचा ॲरन रॉजर्स.

चौथी पायरी: निघण्याची वाट ओळखा

सगळे ‘काढले’ जात नाहीत. बातमीतला शब्द नीट वाचा.

करार संपून खेळाडू गेला, तर संघाला डेड मनी सहसा नसतं आणि वर बक्षीसही मिळू शकतं. असा खेळाडू दुसरीकडे चांगल्या पैशांत गेला आणि जुन्या संघाने बाहेरून तितकेच खेळाडू घेतले नसतील, तर पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईची निवड मिळते. करार मोडून काढलेल्या खेळाडूसाठी ती मिळत नाही. म्हणून काही संघ मुद्दाम करार संपेपर्यंत थांबतात; बाल्टिमोर रेव्हन्स यात पटाईत आहेत.

अदलाबदलीत दुसऱ्या संघाकडून ड्राफ्टमधल्या निवडी मिळतात. इथे एक वर्ष लवकर सोडणं फायद्याचं ठरतं, कारण थकलेल्या खेळाडूचे कोणी काही देत नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सप्टेंबर २००९ मध्ये रिचर्ड सीमोरसारखा बचावपटू रेडर्सना दिला आणि बदल्यात २०११ ची पहिल्या फेरीतली निवड घेतली. त्यातून आला नेट सोल्डर, जो पुढे कित्येक वर्षं ब्रेडीची डावी बाजू सांभाळत राहिला.

तिसरी वाट पगारकपातीची. संघ विचारतो, कमी पैशांत राहतोस का? अपमान वाटतो, पण पुष्कळ जण राहतात. चौथी वाट मला सगळ्यांत आवडते: जागा बदलण्याची. वेग कमी झालेला कॉर्नरबॅक थोडा मागे, बचावाच्या शेवटच्या रांगेत, सेफ्टीच्या जागेवर सरकतो, जिथे पायांपेक्षा डोकं जास्त लागतं. चार्ल्स वुडसनला ग्रीन बेने २०१२ मध्ये सेफ्टी केलं आणि पुढच्या वर्षी सोडलं. तो रेडर्सकडे परतला आणि २०१५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने पाच इंटरसेप्शन घेतले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच पकडला.

पाचवी पायरी: जागा कुठून भरली जाते

ड्राफ्ट हा मुख्य झरा. सात फेऱ्या, अडीचशेहून जास्त खेळाडू. कधी सातव्या फेरीतही सोनं सापडतं: ईगल्सने २०१८ मध्ये घेतलेला जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा होता, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तोवर खेळला नव्हता. दोन हंगाम त्याला मैदानावर उतरवलंच नाही, नुसतं शिकवलं. मग जेसन पीटर्स या दिग्गजाची डाव्या टॅकलची, म्हणजे आघाडीच्या फळीच्या डाव्या टोकाची, जागा त्याने घेतली.

बाहेरून अनुभवी माणूस घेणं हा दुसरा मार्ग, महागडा पण तत्काळ. तिसरा, वर्षभराच्या किमान पगारावर दुसरा म्हातारा. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार ८.४ लाख डॉलर होता, तर सात किंवा त्याहून जास्त हंगाम झालेल्याचा १२.५५ लाख. अनुभवी माणूस महाग पडून बाहेर फेकला जाऊ नये म्हणून, ठरावीक अटींत, कॅपमध्ये त्याचा आकडा दोन वर्षं अनुभव असलेल्याइतकाच धरतात.

वेगवेगळे झरे एकदम कसे वापरतात ते चीफ्सकडून शिकावं. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्यांच्या फळीची दाणादाण उडाली, ३१-९ ने हार झाली. महिन्याभरात त्यांनी एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही दुखापतग्रस्त टॅकल सोडून दिले. जो थूनीला पैसे मोजून आणलं, ऑर्लँडो ब्राऊनला अदलाबदलीत मिळवलं, क्रीड हम्फ्रीला ड्राफ्टच्या दुसऱ्या आणि ट्रे स्मिथला सहाव्या फेरीत उचललं. दोन वर्षांनी सुपर बोलमध्ये समोर आले ते हंगामात ७० वेळा समोरच्या क्वार्टरबॅकला पाडणारे ईगल्स. त्या दिवशी त्यांना चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला एकदाही पाडता आलं नाही, आणि चीफ्स जिंकले.

सहावी पायरी: तारखा लक्षात ठेवा

मार्चच्या मध्यावर नवं लीग-वर्ष सुरू होतं. त्याआधी कॅपमध्ये बसायचंच असतं, म्हणून बरीच मोठी नावं याच सुमारास जातात. एप्रिलच्या अखेरीला ड्राफ्ट. तिथे एखाद्या अनुभवी खेळाडूच्या जागेवर पहिल्या-दुसऱ्या फेरीत कोणी आलं की तुमच्या कागदावर खूण करा. मग १ जून. उन्हाळ्यात यादी ९० जणांची असते आणि ऑगस्टच्या अखेरीला ती ५३ वर आणावी लागते. एका दिवसाच्या आसपास लीगभरात हजाराहून जास्त खेळाडू घरी जातात. चार हंगाम पूर्ण केलेला अनुभवी गडी पहिल्या आठवड्यात यादीत असेल तर त्याच्या वर्षभराच्या पगाराची एक प्रकारे हमीच होते. त्यामुळे काही जणांना ऑगस्टमध्ये सोडून पहिल्या सामन्यानंतर पुन्हा बोलावलं जातं. त्या दिवशी नाव गाळलेलं दिसलं म्हणून लगेच हळहळू नका.

सातवी पायरी: निकाल सप्टेंबरमध्ये लावू नका

२ सप्टेंबर २००३. हंगाम सुरू व्हायला पाच दिवस उरले असताना पेट्रियट्सनी लॉयर मिलॉय या आपल्या लाडक्या सेफ्टीला सोडलं. पगारकपातीवर एकमत झालं नव्हतं. ड्रेसिंग रूममध्ये सुतकी कळा आली. मिलॉय लगेच बफेलो बिल्सकडे गेला, आणि पहिलाच सामना बफेलोविरुद्ध, बफेलोमध्ये. पेट्रियट्स ३१-० ने हरले. मिलॉयला सोडणाऱ्या प्रशिक्षक बिल बेलिचिकवर टीकेची झोड उठली, आणि त्या दिवशी ती चुकीची वाटण्याचं काही कारण नव्हतं.

पण वरच्या पायऱ्यांनी कोणी त्या संघाची यादी वाचली असती, तर त्याला दोन नावं दिसली असती. सॅन डिएगोने सोडलेला तीस वर्षांचा सेफ्टी रॉडनी हॅरिसन मार्चमध्ये इथे आला होता. एप्रिलमध्ये दुसऱ्या फेरीत युजीन विल्सन नावाचा कॉर्नरबॅक घेतला होता, त्याला मागे सरकवून सेफ्टी केलं गेलं. एक म्हातारा बाहेरून, एक पोर ड्राफ्टमधून, आणि दोघंही मिलॉय जायच्या कितीतरी आधीपासून संघात.

२७ डिसेंबरला हंगामाचा शेवटचा साखळी सामना पुन्हा बफेलोशीच होता. या वेळी पेट्रियट्स ३१-० ने जिंकले, आणि १ फेब्रुवारी २००४ ला सुपर बोलही. त्या सामन्यात सेफ्टीच्या दोन्ही जागांवर हॅरिसन आणि विल्सन उभे होते.